तांबूचे कान आणि अमरावतीचे दुकान

आमच्या दर्यापूर तालुक्यात म्हैस भादरणारा माणूस बोलावले की घरी येतो. परंतु कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्रीचे केस आणि कान नीट करून देणारा जवळपास कोणी नसल्यामुळे गेल्या वर्षभरात तांबूला तीन वेळा पुतण्याच्या गाडीतून अमरावतीला न्यावे लागले. दुकानाचे नाव देत नाही, कारण माझी तक्रार दुकानापेक्षा या धंद्यातल्या एका सवयीविषयी आहे.

ही जात मूळची इंग्लंडमधली, पक्ष्यांच्या शिकारीसाठी वाढवलेली. झुडपांत दडणाऱ्या वुडकॉक पक्ष्याला हुसकावून उडवणे हे तिचे काम आणि ‘कॉकर’ हे नावही त्या पक्ष्यावरूनच पडले. पॉइंटर जातीचा कुत्रा वास लागताच जागीच थबकून दिशा दाखवतो. स्पॅनियल मात्र नाक जमिनीला लावून थेट झुडपात घुसतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तितराची शिकार हा गुन्हा आहे, म्हणून तुरीच्या वावरात तांबूला मी दोरीनेच नेतो. तरीही धुऱ्यावरच्या गवतात तितर ओरडला की तिची शेपटी गरगर फिरू लागते आणि 13 किलोंचे ते जनावर मला फरफटत नेते.

गवतात असे घुसण्याचा त्रास कानांना आणि पंजांना होतो. दिवाळीच्या सुमारास कुसळी पिकते, तेव्हा कुसळे लोंबत्या कानांच्या केसांत व बोटांच्या बेचक्यांत अडकतात आणि उलट्या रोमांमुळे मागे न येता आतच सरकत जातात. त्यातच लोंबत्या पाळीखाली हवा खेळत नसल्यामुळे ओल टिकते आणि कान चिघळतो. पहिल्या भेटीत दुकानातल्या मुलाने पाळी उलटून आधी वास घेतला, आंबूस वास येत असल्याचे सांगितले आणि कानाच्या तोंडाशी वाढलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने सावकाश कापले. उजव्या कानाच्या केसांत सापडलेली दोन कुसळे त्याने तळहातावर ठेवून मला दाखवली. कापसाची काडी आत घालण्यास मात्र त्याने नकार दिला, आणि ते योग्यच होते. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरून मग आत वळते, त्यामुळे काडीने मळ निघण्याऐवजी वळणापाशी ठासला जातो. वासासाठी पशुवैद्यकाकडे जाण्याचा सल्लाही त्यानेच दिला. त्या दुकानात घेतलेले अरुंद तोंडाचे पाण्याचे भांडेही उपयोगी ठरले, कारण पिताना कान आता बाहेरच राहतात. आंघोळीविषयी एवढेच म्हणतो, की आमच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, तेथे तो आला.

दुसरी भेट वैशाखातली. त्या दिवशी दुसराच कारागीर होता आणि उन्हाळ्यात तिला गार वाटेल असे म्हणत, मी पैसे द्यायला वळलो तेवढ्यात, त्याने पाठीवरून मशीन फिरवले. वस्तुतः पाठीवरचे केस कातडीला उन्हापासून आडोसा देतात, आणि या जातीत मशीन लागल्यानंतर ते पूर्वीसारखे चोपून न बसता अनेकदा कापसासारखे मऊ व दाट उगवतात. घरी आल्यावर आईने विचारले, “म्हैस भादरून आणली का रे?” पावसाळ्यानंतर त्या नव्या केसांत गोखरू असे गुंतू लागले, की पूर्वी दहा मिनिटांत होणाऱ्या विंचरण्याला अर्धा तास लागू लागला.

तिसऱ्या खेपेस मी आधीच बजावले, की पाठीला मशीन लावायचे नाही. कानांच्या आतली बाजू, पोट आणि पंजांच्या तळचे केस एवढेच काम करायचे, आणि बोटांमधल्या गोचिडी पाहायच्या. पहिलाच मुलगा होता. त्याने तासभर निगुतीने काम केले, आणि कानांसाठी मी पुढेही त्याच्याकडेच जाईन. पैसे मात्र दुकानाने पूर्ण भादरण्याचेच घेतले.