सहा महिने समुद्रावर वापरलेली हाफ पँट: कापड उत्तम, चेन निकामी

वापर ऑक्टोबर ते मार्च, आठवड्यातून दोन-तीनदा, मिरामार आणि मोरजीच्या पाण्यात. नायलॉनचे पातळ कापड, आत जाळीचे अस्तर, कमरेला इलॅस्टिक आणि नाडी, मागे चेनचा खिसा. फाल्गुन-चैत्रात गोव्याला येणारे बहुतेक जण असलीच पँट बॅगेत टाकतात, म्हणून त्या मोसमाच्या अंगाने लिहितो.

पाचव्या महिन्यात मागच्या खिशाची चेन जाम झाली. दुकानाचे उत्तर: खाऱ्या पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. लेबलवर मात्र ‘बीच’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले आहे! समुद्रासाठी म्हणून विकलेल्या कपड्याला समुद्राचे पाणी चालत नसेल, तर ते विकतानाच सांगायला हवे.

बिघडते काय, ते नीट पाहा. या चेनचे दाते नायलॉनचे, त्यांना काही होत नाही. खराब होतो तो रनर, म्हणजे दात्यांवरून सरकणारा तुकडा. तो बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो आणि वरून रंगवलेला. बारीक वाळू आत शिरली की रंग आतल्या बाजूने खरवडला जातो, तिथे मीठ बसते आणि पांढरी भुकटी धरते. बाहेरून रनर नवाकोरा दिसतो, म्हणून पत्ताच लागत नाही. मग कुणीतरी जोर लावून ओढतो, रनरचे तोंड फाकते आणि चेन लागली तरी मागून दाते उघडत जातात.

अशा वेळी हात खोबरेल तेलाकडे जातो. ते टाळा. तेलाला वाळू चिकटते आणि रनर आतून आणखी घासला जातो. त्याऐवजी रनर कोमट पाण्यात थोडे व्हिनेगर घालून दहा-पंधरा मिनिटे भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, भरपूर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि मग दात्यांवर मेणबत्ती फिरवा. तोंड फाकले असेल तर पकडीने दोन्ही कडा सारख्या, अगदी हलक्या दाबा. जास्त दाबल्यास रनर तुटतो.

विकत घेताना चुंबक लावून पाहण्याचा सल्ला दिला जातो. तो अर्धाच उपयोगी आहे. टिचबटणातली किंवा नाडीच्या रिंगेतली लोखंडी वस्तू त्याने सापडते. जस्ताला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे रनरची परीक्षा होत नाही. जाड प्लास्टिक दात्यांची आणि प्लास्टिकच्याच रनरची चेन असेल तर डोळे मिटून घ्या. नाहीतर चेनच नको, झाकणाचा खिसा पुरतो.

कापडाबद्दल माझे मत मध्येच बदलले. सुरुवातीला वाटले, ‘लवकर वाळते’ हा दावा खोटा आहे, कारण संध्याकाळी वाळलेली पँट सकाळी पुन्हा ओलसर लागायची. दोष कापडाचा नव्हता, मिठाचा होता. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पिळूनही 100 मिली पाणी कापडात राहिले, तर ते वाळल्यावर साडेतीन ग्रॅम मीठ शिवणींत उरते. त्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात, आणि किनाऱ्यावरची रात्रीची हवा दमटच. आगरवाड्याच्या मिठागरांत मीठ पिकते तेही याच महिन्यांत; तेच मीठ कपड्यातही पिकते. पँट उलटी करून बादलीभर गोड्या पाण्यात दोनदा खळबळली, पाणी बदलून, की सावलीत दोन-तीन तासांत खरोखर वाळते. उलटी करणे महत्त्वाचे, कारण वाळू अस्तराच्या खालच्या शिवणीत साचते आणि मांड्या सोलते. अस्तर कापून टाकावे असे आधी वाटले होते; आता तसे वाटत नाही.

वरच्या कपड्याला फार विचार लागत नाही. मार्चमध्ये दिवसा 32-33 अंश, रात्री 23-24 च्या आसपास, त्यामुळे स्वेटर घरीच राहू द्या. रात्रीच्या वातानुकूलित बसपुरता पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट बास. तोच दुपारी वाळूवर कामी येतो. पातळ पांढरा टीशर्ट ओला झाला की ऊन अडवत नाही. गडद, घट्ट विणीचा बरा. लिनन घामात अंगाला चिकटत नाही, पण त्याच्या कॉलरच्या घडीवर रोज कडक इस्त्री फिरवू नका, धागा नेमका तिथेच तुटतो.

ही पँट मंगेशीला किंवा शांतादुर्गेच्या देवळात चालणार नाही, जुन्या गोव्याच्या चर्चमध्येही खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. घडी करून पिशवीत मावेल असा सुती पायजमा बरोबर ठेवा. आणि समुद्रावरून थेट म्हापशाच्या बाजारात उघड्या अंगाने कुणी शिरू नये. इथल्या माणसांना ते आवडत नाही. शिगम्याच्या मिरवणुकीलाही ही पँट नको, नायलॉनवर काही रंग कायमचे बसतात. तिथे जुना सुती कपडा.

टॉवेलऐवजी पंचा. भिजला तरी हलका, वाऱ्यावर पाहता पाहता वाळतो. पायात फोमची चप्पल ठीक, पण बंद गाडीत उन्हात ठेवल्यास आकसते. कोल्हापुरी पाण्यापासून लांब. मिठाने चामडे कडक होते.

गुण द्यायचे तर कापडाला पाचपैकी साडेचार, चेनला शून्य. आणि चेन मलाच बदलून घ्यावी लागली, म्हणून एकूण तीन. शिंप्याकडे जाल तेव्हा जुनी चेन मोजून जा: दाते लागलेले असताना त्यांची रुंदी मिलिमीटरमध्ये अंदाजे जितकी, तितका तिचा नंबर. ‘पाच नंबर, प्लास्टिकचे दाते, रनरही प्लास्टिकचा’ असे स्पष्ट सांगा आणि पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवून घ्या. नुसते ‘चेन बदला’ म्हणालात तर तो हाताशी असलेली धातूचीच बसवेल.