कर्वेनगरातली 'स्वच्छ'ची दारोदार सेवा: घरात आजारी माणूस असलेल्यांसाठी माझा अनुभव

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून आमच्या घरचा कचराच बदलला. भाजीची देठं आणि दुधाच्या पिशव्या होत्याच, त्यांच्या जोडीला मोठ्या माणसांचे डायपर, गोळ्यांची रिकामी पाकिटं, हातमोजे आणि इन्सुलिनच्या सुया आल्या. त्यामुळे पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या सेवेबद्दल लिहिताना मी त्या बाजूनेच लिहिणार आहे. भाजीची सालं कोणीही उचलून नेईल. जो कचरा घरातली माणसंही नाक मुरडून उचलतात, तो दुसऱ्याच्या हातात कसा जातो, यावरून मी सेवेची पारख करते.

पुण्यात नवीन आलेल्यांना बऱ्याचदा वाटतं, की दारावर येणाऱ्या मावशी महापालिकेच्या नोकरदार आहेत. तसं नाही. 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आहे. १९९३ साली बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिच्यातून पुढे ही संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन घरोघरचं काम सुरू झालं. आज साडेतीन हजारांहून जास्त कचरावेचक यात आहेत, त्यांत बहुसंख्य बायका. पूर्वी कचराकुंडीत उतरून जे वेचावं लागायचं, ते आता दारात हातात मिळतं, हा त्यांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पण तो फरक आपण कचरा वेगळा करून दिला तरच पडतो.

आमच्या मावशी सकाळी ढकलगाडी गेटपाशी लावून वरच्या मजल्यापासून सुरुवात करतात. ओला एका बादलीत, सुका पोत्यात. नंतर पार्किंगच्या कोपऱ्यात बसून सुक्याची निवड. पुठ्ठा वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, वहीचा पांढरा कागद वेगळा, पाण्याच्या बाटल्या एकीकडे, शाम्पूच्या दुसरीकडे, काच, पत्रा, दुधाच्या पिशव्या. प्रत्येकाला भंगारवाल्याकडे वेगळा भाव असतो आणि त्या विक्रीचे पैसे मावशींचे. म्हणून आमटी सांडलेला पुठ्ठा पोत्यात गेला, की त्यांची तेवढी कमाई बुडते. वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत पाकिटांना तर बाजारात जवळजवळ किंमतच नाही. ती पोतंभर निघतात आणि त्यांना ती नुसतीच वाहावी लागतात. हे मावशींनी दाखवल्यापासून आमच्या घरी बिस्किटं मोठ्या पुड्यात येतात, आणि शेव-फरसाण मी दुकानात डबा नेऊन आणते.

एक साधी गोष्ट त्यांच्याकडून कळली, ती सगळ्यांनी करावी. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, नुसती चीर द्या. तो सुटा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो. चीर दिलेली पिशवी धुऊन वाळवली की अख्खी विकली जाते.

आता डायपरचं. मी मावशींना सरळ विचारलं, "तुम्हाला कसं दिलं तर सोयीचं पडेल?" त्या म्हणाल्या, "ताई, कागदात गुंडाळा आन् वर लाल खूण करा. मग मी पुडी उघडत न्हाई." तेवढंच. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचं, लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा आणि सुक्यात न टाकता वेगळं द्यायचं. हा लाल ठिपका 'स्वच्छ'ने पुण्यात मोहीम म्हणून चालवला, कारण पुडीत काय आहे हे न कळल्याने या बायका ती उघडून बघायच्या आणि दुसऱ्याच्या रक्ताने, विष्ठेने हात भरायचे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असा कचरा गुंडाळून द्यायचं बंधन आपल्यावर घातलं, आणि त्यासाठी पिशवी पुरवायची जबाबदारी पॅड-डायपर बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली. आम्ही घेतो त्या डायपरच्या पाकिटात मला अशी पिशवी कधी मिळालेली नाही. एवढे महाग डायपर विकणाऱ्यांना एक कागदी पिशवी जड का व्हावी? मला याचा मनापासून राग येतो.

सुया मात्र मी मावशींच्या गाडीत जाऊ देत नाही. झाकणाच्या जाड बाटलीत साठवते आणि आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन देते, ते त्यांच्या वैद्यकीय कचऱ्यात घेतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा. फुटलेली काचही कागदात गुंडाळून, वर 'काच' लिहून हातात द्या.

आधी आम्ही ज्या शहरात राहायचो, तिथे ठेकेदाराची गाडी यायची आणि घरात वेगळा केलेला ओला-सुका आमच्या डोळ्यांदेखत एकाच हौद्यात पडायचा. घरच्या मुलांनी मग वेगळं करणं सोडूनच दिलं. इथे ती पुन्हा करायला लागली, कारण निवडताना माणूस समोर दिसतं.

फी महापालिकेने ठरवलेली आहे आणि ती थेट मावशींच्या हातात द्यायची असते. "आम्ही मिळकतकर भरतो, मग हे कशाला?" असं म्हणणारी घरं आमच्या इमारतीतही आहेत. तो पैसा त्यांच्या मजुरीचा आहे, पहिल्या आठवड्यात द्या. शेजारच्या एका सोसायटीत कचरा नेणाऱ्यांना लिफ्ट वापरू देत नाहीत. चौथ्या मजल्यावरून भरलेली बादली जिन्याने उतरवायला लावणं मला अमानुष वाटतं.

जुने कपडे, बंद पडलेला मिक्सर, मोडकी खुर्ची रोजच्या गाडीत देऊ नका. त्यासाठी त्यांचा 'व्ही कलेक्ट' हा वेगळा उपक्रम आहे. जागा असेल तर ओला कचरा सोसायटीतच जिरवा. आम्ही मागच्या अंगणात खड्डे केलेत, वर वाळलेला पालापाचोळा पसरतो, वास येत नाही. मावशींचं ओझंही निम्म्याने उतरलं.

सेवेला माझ्याकडून पाचपैकी पाच. आमच्या सोसायटीला मी तीन देईन. निवडायला कोपरा दिलाय, पण तिथे ना दिवा आहे ना नळ. हात धुवायला मावशींना वॉचमनच्या खोलीमागे जावं लागतं. येत्या सभेत नळाच्या खर्चाचा अंदाज घेऊन जाणार आहे, प्लंबरला बोलावलंय.