केसीएनक्यू२ की एससीएन१ए: झटके दोन्हीत, औषध मात्र उलटं

आमच्या रामबागेत कुणाच्या बाळाला झटके आले की लोक लगेच सांगतात, अमक्याच्या मुलाला कार्बामाझेपिन या झटक्यांच्या औषधाने फरक पडला, तुम्ही पण तेच मागा. प्लीज असं करू नका, बिघाड कोणत्या चॅनलमध्ये (म्हणजे मेंदूच्या पेशीतून सोडियम, पोटॅशियम आत-बाहेर जायच्या वाटेत) आहे ते आधी बघावं लागतं.

केसीएनक्यू२ म्हणजे पोटॅशियम चॅनलचा जीन. मेंदूची पेशी उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास शांत असते, सोडियम आत शिरलं की उत्तेजित होते, पोटॅशियम बाहेर गेलं की परत शांत, आणि इथे नेमका हा ब्रेकच ढिला म्हणून बऱ्याचदा जन्मानंतर पहिल्याच आठवड्यात झटके येतात. सोडियम चॅनल अडवणारं कार्बामाझेपिन इथे बऱ्याचदा छान लागू पडतं.

एससीएन१ए (ड्रावे सिंड्रोम या बाळपणी सुरू होणाऱ्या गंभीर फिट्सच्या आजारात बहुतेक हाच बिघडलेला) सोडियम चॅनलचा जीन, तो कमी पडला तर पेशी थंड पडायला हव्यात ना? पण हा चॅनल मुख्यतः दुसऱ्यांना आवरणाऱ्या पेशींत महत्त्वाचा, त्याच गप्प बसल्या की बाकीच्या मोकाट, म्हणून तेच कार्बामाझेपिन इथे झटके वाढवू शकतं. डॉक्टर सहसा व्हॅलप्रोएट, क्लोबाझामपासून सुरुवात करतात. झटके सहसा पहिल्या वर्षातच सुरू होतात, बरेचदा तापात, आणि कढत पाण्याच्या अंघोळीनेसुद्धा, तेव्हा जानेवारीच्या थंडीत आजी बादलीत गरम पाणी ओतत असेल तर तिला सांगा, कोमटच ठेव.

माझं मत स्पष्ट आहे, इतक्या लहान बाळाला वारंवार झटके येत असतील तर जीन टेस्टबद्दल डॉक्टरांना लवकर विचारा, आणि चालू गोळी स्वतःहून बंद करू नका.