बेळगावच्या हवेत जपानी मेपल: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

बेळगावात मेपल जगतं, पण कुंडीत आणि फक्त सकाळचं ऊन मिळेल अशा जागी. टिळकवाडीत आमच्या पूर्वेच्या अंगणात लाल पानांचं जपानी मेपल एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा काढून उभं आहे.

कलम ऑनलाइन मागवलं होतं. सोबतच्या चिठ्ठीत ‘भरपूर ऊन द्या’ असं छापलेलं, आणि त्या नर्सरीवर माझा सगळ्यात मोठा राग तोच आहे. मुळात हे जपान-कोरियाच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं झाड. आमच्याकडे एप्रिलात दुपारचं ऊन आणि कोरडा वारा एकत्र आला की पंजासारख्या पानांची बोटं टोकाकडून करपत जातात, हात लावला तर पापडासारखी मोडतात. शेडनेट बांधली, मातीवर उसाच्या पाचटाचा जाड थर दिला, तेव्हा नवी पानं शाबूत राहिली. बोअरचं पाणी मात्र देऊ नका. कुंडीच्या कडेला पांढरे क्षार दिसायला लागले की पानांची टोकं जळणारच. आम्ही आडाचं पाणी घालतो.

उन्हाळ्याची भीती सगळेच घालतात, पण खरा धोका पावसाळ्याचा. जूनपासून इथं आठवडेच्या आठवडे झड लागते, आणि तांबड्या चिकट मातीत मुळं कुजतात. पानं माना टाकतात, माणसाला वाटतं तहानलंय, म्हणून आणखी पाणी घातलं जातं आणि झाड जातं. आधी बोट खुपसून माती बघा. आमच्या कुंडीत कोकोपीट, जाड वाळू, वीटचुरा आणि कुजलेला पालापाचोळा आहे. कुंडी विटांवर उचललेली, वर पागोळ्यांची धार पडत नाही अशी. शेणखत अगदी मूठभर. जास्त खत घातलं की लांबट, लुसलुशीत फुटवा येतो आणि त्यावर मावा बसतो.

फोटोतल्यासारखी लालभडक पानगळ मात्र विसरा. या झाडाला कडक थंडीची विश्रांती लागते आणि आमच्या थंडीत ती अर्धवटच मिळते. पानं उशिरा, तुकड्यातुकड्यानं गळतात. जानेवारीत नुसत्या काड्या बघून शेजारच्या अक्का म्हणाल्या, “वाळलं की हो तुमचं!” नखानं साल जराशी खरवडून आतला ओला हिरवा थर दाखवला, तेव्हा त्यांना पटलं. छाटणी याच दिवसांत, कोंब फुगायच्या आधी करायची. कलमाच्या जोडाखालून हिरवा फुटवा आला तर तो लगेच मुळापासून काढायचा, नाहीतर खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय ते खालचं झाड, वर चढतो आणि लाल फांदी मागं पडते.

पैसे वसूल होतात ते नव्या पालवीत. लाल देठावर मिटलेली पानं हळूहळू उलगडतात, कोवळ्या उन्हात त्यांच्या शिरा मोजता येतात. कडक उन्हाळ्यात तोच लाल रंग हिरवट-तपकिरी होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खानापूर-जांबोटीकडं सावली आणि गारवा चांगला, पण पाऊस आमच्यापेक्षाही जास्त, तेव्हा कुंडी पडवीतच ठेवावी लागेल. अथणी-रायबागच्या उन्हात घ्या असं मी म्हणणार नाही. मागवायचंच तर दिवाळीच्या सुमारास मागवा, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं कुंडीत बसायला वेळ मिळतो.