नव्या दिग्दर्शकाची रडवणारी शॉर्टफिल्म: फेस्टिवलला बघावी की घरी?

पहिलीच फिल्म, १५-२० मिनिटांची, विषय आजोबा नाहीतर आई नाहीतर सुटलेलं गाव, आणि शेवटी डोळ्यात पाणी. अशी फिल्म फेस्टिवलच्या हॉलमध्ये बघायची की लिंक हाती आल्यावर घरी, एवढाच प्रश्न. मोठा पडदा आणि छोटा पडदा हे सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही. दोन्हीकडे बरंच बघून झालंय आणि माझा कल आता एका बाजूला गेलाय, तुमचा उलटा असू शकतो.

आधी हॉलची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. काही फिल्म हॉलसाठीच असतात. दिग्दर्शक उमेश कुलकर्णींची एफटीआयआयच्या (पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट) दिवसातली 'गिरणी' घ्या, घरात पिठाची गिरणी येते आणि एका पोराचं जगणं त्या घरघरीत सापडतं. घरी तो आवाज डोक्यात गेला की आपण व्हॉल्यूम कमी करतो आणि संपलं, फिल्मचा जीवच गेला. हॉलमध्ये रिमोट आपल्या हातात नसतो, पोराच्या हातात तरी कुठे असतो. शिवाय शेजारच्या अनोळखी काकूंनी हळूच नाक पुसलं की आपल्यालाही जरा मोकळं होता येतं, घरी एकट्याने रडायला कसंतरीच वाटतं (मला तरी).

पण हॉलमध्ये एक गोष्ट आहे जिने मला तिकडून उठवलं. शॉर्टफिल्म एकटी दाखवत नाहीत, पॅकेज असतं. दीड-दोन तासात पाच-सात फिल्म, एकामागून एक. आता बघा, म्हातारा गेलाय, त्याची काठी दाराला टेकवलेली, नात काठीकडे बघतेय, काळा पडदा, नावं सुरू. आपल्या घशात आवंढा. तेवढ्यात पुढून दुसऱ्या रांगेतून शिट्टी, कारण साउंड रेकॉर्डिस्टचं नाव आलं आणि त्याचा सगळा ग्रुप तिथेच बसलाय. मग प्रत्येक नावाला शिट्टी, स्पॉटदादांच्या नावाला सगळ्यात जोरात. बरं, त्यांची पहिली फिल्म आहे, आनंद होणारच, तेही चालवून घेतलं. पण नावं पुरती संपायच्या आत पुढची फिल्म चालू! आणि ती निघते कॉमेडी. ढिंचॅक म्युझिक, हॉस्टेलची पोरं, टॉवेलवर विनोद. आवंढा अजून घशातच आहे आणि सगळा हॉल हसतोय. हे एखाद्या फेस्टिवलचं नाव घेण्यासारखं नाही, मी गेलो तिथे कमीअधिक हेच बघितलं. मधे एक मिनिट अंधार ठेवा ना बाबांनो, एकच मिनिट, पण वेळापत्रक आधीच पाऊण तास मागे पडलेलं असतं त्यामुळे कोण ठेवणार. हळव्या फिल्मचं अर्धं काम ती संपल्यावर आपल्या आत होत असतं आणि नेमका तोच वेळ आपल्याकडून काढून घेतात.

नंतर सगळ्या दिग्दर्शकांना एका रांगेत स्टेजवर उभं करून प्रश्नोत्तरं. पहिला माईक घेणारा माणूस प्रश्न विचारत नाही, स्वतःच्या आजोबांची गोष्ट सांगतो. असो.

घरी त्रास नाहीत असं अजिबात नाही. यूट्यूबवर आठ मिनिटांच्या पुढच्या व्हिडिओला मधेच जाहिरात येऊ शकते, आई दवाखान्याच्या बाकावर बसलीये आणि अचानक बनियनची जाहिरात. शेवटच्या सीनवर पुढच्या व्हिडिओंचे चौकोन चिकटतात, ते तर दिग्दर्शक स्वतःच चॅनल वाढवायला लावतो, काय बोलणार. पण ऑटोप्ले बंद करता येतं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो, टीव्हीला जोडून दिवे घालवता येतात, फिल्म संपली की स्क्रीन बंद करून गॅलरीत जाऊन उभं राहता येतं. म्हणजे घरच्या त्रासावर थोडाफार इलाज आपल्याकडे आहे, हॉलच्या त्रासावर नाही.

आणि परत बघता येतं हे नव्या दिग्दर्शकाच्या बाबतीत फार मोठं आहे. पहिल्या खेपेला चुकाच डोळ्यात भरतात. एका शॉटला आवाज जवळचा, पुढच्याला लांबचा, शेजारणीचं काम करणारी बाई पाठ केल्यासारखं बोलतेय, सकाळच्या सीनमधे सावल्या दुपारच्या. दुसऱ्या खेपेला ते बाजूला पडतं आणि मग कळतं की या पोराला किंवा पोरीला माणसं बघता येतात का. मी अजून एक करतो, शेवटची दोन मिनिटं आवाज बंद करून बघतो. नवीन लोकांना भीती असते की प्रेक्षक रडलाच नाही तर, म्हणून बासरी, व्हायोलिन, सगळं ओततात. आवाज बंद केल्यावरही त्या नातीच्या चेहऱ्याकडे बघून पोटात कालवलं तर फिल्म खरी, नाहीतर आपल्याला म्युझिकने रडवलं होतं. हे हॉलमध्ये करता येत नाही, तिथे सगळं एकदम अंगावर येतं आणि कशामुळे रडलो ते कळतच नाही.

नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' आणि नंतरचा २०१३ चा 'फँड्री' घरी लागोपाठ बघून बघा, मजा कळेल. 'पिस्तुल्या' त्यांची पहिली शॉर्टफिल्म, तिला ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांमधे पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. पारधी पोराला शाळेची ओढ, आणि ते काम करणारा सूरज पवार पुढे 'फँड्री'त नायकाचा, म्हणजे जब्याचा, दोस्त होऊन येतो. जातीमुळे कडेला ढकललेल्या पोराकडे बघायची ती नजर पहिल्याच फिल्ममधे आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर ती जास्त ठसठशीत दिसते, निदान मला तरी दिसली.

आता अडचण एकच. बरेच दिग्दर्शक फिल्म फेस्टिवलांत फिरत असेपर्यंत, कधी वर्षभर तर कधी त्याहून जास्त, यूट्यूबवर टाकतच नाहीत, काही फेस्टिवलच्या तशा अटी असतात. तेव्हा हॉल हाच मार्ग असेल तर जा, फक्त तुम्हाला बघायची फिल्म पॅकेजमधे शेवटी असेल असा स्लॉट मिळतो का बघा, तिच्यामागून कुणी येत नाही. आणि दिग्दर्शक ओळखीचा असेल तर मग विचारच नको, हॉललाच जायचं, कारण पहिल्या फिल्मला रिकाम्या खुर्च्या दिसल्या की पोरं खचतात. शिट्ट्याही वाजवा. बाहेर आल्यावर चहा पिताना प्रायव्हेट लिंक मागून घ्या, आणि 'छान झालीये, रडवलंस' एवढंच सांगून सुटू नका. घरी परत बघून दोन दिवसांनी फोन करा आणि कुठला शॉट लक्षात राहिला ते सांगा.