तीनचाकी गोल्फ ट्रॉली: आठ महिने आणि चार बेअरिंग

दुकानाकडून काल मेसेज आला, 'आमच्या उत्पादनाबद्दल अभिप्राय कळवा.' कळवते. वजन किती, घडी कशी होते, छत्रीचा होल्डर वेगळा घ्यावा लागतो, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणारच. गोल्फची बॅग ठेवून हाताने ढकलत न्यायची ही ट्रॉली मी गेल्या नोव्हेंबरात 13,800 रुपयांना घेतली. खारघरला सिडकोच्या गोल्फ कोर्सवर आठवड्यातून दोनदा, दर वेळी नऊ होल, म्हणजे बॉल खड्ड्यात घालायचे नऊ टप्पे. साठेक फेऱ्या तरी झाल्या आहेत.

आधी पुढच्या चाकाबद्दल, कारण त्याने माझं डोकं उठवलं.

जानेवारीत त्याचा आवाज सुरू झाला. कुर्र, कुर्र, प्रत्येक फेऱ्याला एकदा. रस्त्यावर असता तर कोणी लक्षही दिलं नसतं. पण गोल्फमध्ये समोरचा पट (खड्ड्याजवळचा हलका फटका) मारत असताना बाकीचे श्वाससुद्धा हळू घेतात. ट्रॉली ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर, नेत नाहीत, कडेकडेने पुढच्या टीकडे (पुढचा होल सुरू होतो तिथे) नेऊन ठेवतात, आणि नेमकं तेव्हाच माझं चाक ओरडायचं. एकदा एक गृहस्थ पट सोडून सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे पाहत राहिले. बोलले काही नाहीत. मी त्या दिवशी उरलेले तीन होल ट्रॉली पुढून उचलून, मागच्या दोन चाकांवर चालवली. संध्याकाळी मनगट सुजलं होतं.

दुकानात फोन केला. म्हणे, "मॅडम, नुसतं बेअरिंग मिळत नाही, अख्खं चाक घ्यावं लागेल. 2,400 रुपये." वॉरंटी? "झिजणारा भाग वॉरंटीत येत नाही." तीन मेल, दोन फोन, उत्तर तेच. दोन महिन्यांत झिजणारं चाक विकताना ही गोष्ट सांगायला नको? 2,400 रुपयांत माझ्या घरचं महिन्याचं दूध येतं. मी चाक घेतलं नाही.

पुढचं सांगायचं तर मी गोल्फकडे कशी आले ते सांगावं लागेल. नऊ वर्षं सासूबाई अंथरुणावर होत्या. माझा दिवस त्यांच्या औषधांच्या वेळांनी चालायचा. त्या गेल्या आणि दुपारी दोन वाजता काय करायचं, हे मला कळेना. दीर बदली होऊन दुबईला चालले होते, त्यांनी आपला गोल्फच्या काठ्यांचा हाफ सेट आमच्याकडे ठेवला. "वहिनी, वापरा, गंजत पडेल." नियमाने बॅगेत 14 क्लब (काठ्या) चालतात, यात सातच आहेत, आणि नवशिक्याला सात पुष्कळ झाले. बॅग खांद्यावर घेऊन चालले तर चौथ्या होलला खांदा भरून यायचा. बॅग वाहणाऱ्या कॅडीला दर फेरीला पैसे द्यायचे जिवावर येत होतं. म्हणून ट्रॉली.

बग्गी, म्हणजे कोर्सवरची छोटी गाडी, का नाही, असं विचाराल. बग्गीत दोघं दोघं बसतात, आम्हा चौघांच्या दोन जोड्या होतात आणि पुढच्या बॉलपाशीच भेटतात. ट्रॉली ढकलताना चौघं एका ओळीत चालतो. नऊ होलला दोन-अडीच तास लागतात, त्यात प्रत्यक्ष मारण्यात जाणारा वेळ काही मिनिटांचा. बाकी सगळं चालणं आणि बोलणं.

आणि ते बोलणं वेगळं असतं. घरी कोणी समोर बसून "कशी आहेस?" विचारलं की मी "बरी आहे" म्हणून चहा ठेवायला उठायचे. तिसऱ्या होलवर, शेजारून चालणाऱ्या ताईंना मी सासूबाईंची शेवटची रात्र सांगितली. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, मीही त्यांच्याकडे पाहत नव्हते, दोघींचे हात आपापल्या दांडीवर होते. मधेच माझा बॉल आला. जो होलपासून सर्वांत लांब त्याने आधी मारायचं, म्हणून मीच मारला. मग पुन्हा चालू लागलो आणि मी उरलेलं सांगितलं. नऊ वर्षांत हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

बॉल हरवला की बाकीचे तिघं आपापला खेळ थांबवून माझा बॉल शोधतात. पूर्वी पाच मिनिटं मिळायची, 2019 पासून तीनच. पण ती तीन मिनिटं तीन माणसं गवतात वाकून माझ्यासाठी शोधत असतात. सुरुवातीला मला संकोच वाटायचा, "राहू द्या, दुसरा घेते" म्हणायचे. आता म्हणत नाही.

तर चाक. आमच्यातले काका रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी एका शनिवारी घरून पाना आणला, झाडाखाली बाकावर चाक खोललं, बेअरिंग रुमालाने पुसलं आणि चष्मा कपाळावर चढवून नंबर वाचला. 608. "अहो ताई, हे तर स्केटिंगच्या चाकात असतं!" आतलं भोक 8 मिलिमीटर, बाहेरून 22. मूळ बेअरिंगला रबरी सील नव्हतं, आत लाल माती जाऊन बसलेली. मंगळवारी ते मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून सीलवाली चार घेऊन आले, 160 रुपयांची. दोन बसवली, दोन बॅगेच्या कप्प्यात ठेवली. पैसे घेतले नाहीत. मी कोथिंबीर वड्या नेल्या, आणि तेव्हापासून मंगळवारचा डबा ठरूनच गेला आहे.

काकांना एक आकडेवारी पाठ आहे. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने 2008 साली 3 लाख गोल्फरांच्या नोंदी तपासल्या, तर त्यांचा मृत्युदर 40 टक्क्यांनी कमी निघाला, म्हणजे साधारण पाच वर्षं आयुष्य जास्त. असेल. मला मात्र सोमवारची रात्र आवडते. ग्लोव्ह, चार बॉल, पाण्याची बाटली काढून ठेवायची, पावणेसहाचा गजर लावायचा. किती वर्षांनी मी उद्याची वाट पाहते आहे.

एक मत मात्र बदललं. मार्चपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की ट्रॉलीने कॅडीचे पैसे वाचतात. हे मी मागे घेते. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली आपली गोल्फर अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिची कॅडी तिची आई होती. कॅडी म्हणजे ओझं वाहणारा, ही माझी समजूत चूक होती. ग्रीनचा उतार कुठे आहे हे आमच्या इथल्या पोराला पायाखाली कळतं. पट चुकला की तो म्हणतो, "मॅडम, लाईन बरोबर होती, जोर कमी पडला." एवढ्या वाक्यावर माझा पुढचा होल सुधारतो. आता शनिवारी ट्रॉली मीच ढकलते आणि तोही सोबत असतो, त्याचे पूर्ण पैसे देऊन. त्यामुळे ट्रॉलीची किंमत अजून वसूल झालेली नाही.

बाकी ट्रॉली चांगली आहे. घडी मारुतीच्या डिकीत बसते, हँडलची उंची माझ्या पाच फुटांना जुळते. ब्रेक ओल्या गवतावर घसरतो, तेव्हा उतारावर आडवी उभी करा. घेताना दुकानातच पुढचं चाक उचलून हाताने फिरवा, कान लावून ऐका आणि बेअरिंगला सील आहे का ते विचारा. चाकाला पाचपैकी दोन, बाकीला चार.

आता पांडवकड्याच्या धबधब्याला पाणी सुटलंय, त्याचा आवाज कोर्सवर ऐकू येतो. गेल्या मंगळवारी चाक पुन्हा डावीकडे ओढत होतं. काका म्हणाले, बोल्ट सैल असेल, शनिवारी पाना आणतो.