आउटलुक एक्स्प्रेस ६ : न्यूजग्रुपच्या वाचकासाठी

विंडोज एक्सपीबरोबर २००१ साली आलेला आउटलुक एक्स्प्रेस ६ बहुतेकांना ईमेलसाठीच ठाऊक आहे. मला मात्र त्यातला न्यूजग्रुपचा, म्हणजे इंटरनेटवरील विषयवार सार्वजनिक चर्चागटांचा, भाग अधिक मोलाचा वाटत आला आहे, आणि हे परीक्षण त्या भागापुरतेच आहे. मेलच्या खात्याशेजारीच न्यूज सर्व्हरचे खाते उघडता येते; सर्व्हरचे नाव दिले की ११९ हा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) आधीच भरलेला असतो, आणि गटांची लांबलचक यादी उतरल्यावर वरच्या चौकटीत शब्द टाकून हवा तो गट सबस्क्राइब करता येतो. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा गट ज्या सर्व्हरवर असे, तेथे तोही अशाच शोधात सापडे.

या प्रोग्रॅमची खरी ताकद ऑफलाइन वाचनात आहे. डायल-अपवर मिनिटामिनिटाचे पैसे मोजण्याच्या काळात प्रत्येक गटासाठी ‘फक्त हेडर’ (संदेशाचा विषय, लेखक अशी वरची माहिती), ‘फक्त नवे संदेश’ किंवा ‘सर्व संदेश’ असे वेगवेगळे ठरवता येणे ही मोठीच सोय होती. एका वेळी ३०० हेडर उतरवायचे, फोन ठेवून द्यायचा, विषय सावकाश चाळून हव्या त्या संदेशांवर खूण करायची, पुन्हा जोडणी करून तेवढेच मजकूर आणायचे आणि उत्तरे आउटबॉक्समध्ये साठवून एकदम पाठवायची, असा हा क्रम अत्यंत विचारपूर्वक बसवलेला आहे. एखादी चर्चा ‘वॉच’ केली की तिच्यापुढे चष्म्याचे चिन्ह येते; नकोशी चर्चा ‘इग्नोर’ करता येते. शेकडो संदेशांच्या गटात एवढ्यानेही वाचन सुसह्य होते, जरी गुण देऊन संदेश क्रमाने लावण्याची सोय येथे नाही आणि ज्यांना ती हवी त्यांनी स्वतंत्र न्यूजरीडरकडेच, म्हणजे खास गट वाचण्याच्या प्रोग्रॅमकडेच, वळावे.

उत्तर लिहिताना मात्र हा प्रोग्रॅम गटाच्या शिस्तीला बाधा आणतो, आणि हा दोष मला गंभीर वाटतो. कर्सर उद्धृत मजकुराच्या वर उभा राहतो, त्यामुळे नवखा माणूस वरच उत्तर लिहून खालचा सारा मजकूर तसाच सोडतो. त्याहून वाईट म्हणजे लांब उद्धृत ओळी मध्येच तुटतात आणि उरलेले दोन-तीन शब्द उद्धृत ओळ दाखवणाऱ्या ‘>’ या कोनाच्या चिन्हाविना पुढच्या ओळीवर जातात; तीन-चार उत्तरांनंतर कोणते वाक्य कोणाचे, हेच कळेनासे होते. डॉमिनिक जैन यांच्या ओई-क्वोटफिक्स या मोफत पूरक प्रोग्रॅमने हे बरेचसे सुधारते, म्हणून तो बसवल्याशिवाय कोणीही गटात लिहू नये असे माझे मत आहे. ‘बिगिन’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणाऱ्या आणि त्यापुढे दोन मोकळ्या जागा असलेल्या ओळीला हा प्रोग्रॅम जोडलेली फाइल समजतो व पुढचा मजकूर संदेशातून नाहीसा होतो, हा दोष तर अक्षम्य आहे.

साठवणुकीबाबतही सावध राहावे. प्रत्येक गटाचे सारे संदेश डीबीएक्स प्रकारच्या एका स्वतंत्र फाइलमध्ये ठेवले जातात आणि ती २ जीबीच्या आसपास पोहोचली की बिघडण्याचा धोका असतो. शिवाय मूळ मांडणीत उतरवलेले न्यूज संदेश ५ दिवसांनी पुसले जातात. संग्रह करायचा असल्यास पर्यायांच्या ‘मेन्टेनन्स’ पानावरील ही पुसण्याची खूण पहिल्याच दिवशी काढावी.

मायक्रोसॉफ्टने स्वतःचे न्यूजग्रुप २०१० मध्ये बंद करायला घेतले आणि गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटवरचे, म्हणजे न्यूजग्रुपच्या जगभरच्या जाळ्यावरचे, नवे लेखन घेणे थांबवले, तरी यूजनेट सुरूच आहे. आज नव्याने गट वाचू इच्छिणाऱ्याने थंडरबर्ड हा मोफत मेल प्रोग्रॅम घ्यावा, कारण त्यात न्यूजग्रुपची सोय अजून टिकून आहे आणि त्याची देखभालही होते. आउटलुक एक्स्प्रेस जुन्या यंत्रावर केवळ जुना संग्रह वाचण्यासाठी ठेवावा, आणि त्याआधी डीबीएक्स फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावी.